हेपवर्थची सही असलेली स्क्रीन प्रिंट: फ्रेमवाल्याकडे देण्याआधी

तुमचा प्रश्न मला असा समजला. लीड्समध्ये आयुष्य काढलेल्या तुमच्या आत्यांनी सत्तरच्या दशकात घेतलेली एक स्क्रीन प्रिंट आता पुण्यात तुमच्याकडे आली आहे. खाली पेन्सिलने 24/60 असा आकडा आणि ब्रिटिश शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांची सही आहे. जुन्या फ्रेममधून काढून नळीत गुंडाळून आणल्यामुळे कागद वळला आहे, समासावर तपकिरी रेघ आहे आणि काही बदामी ठिपके पडलेत. फ्रेमवाला म्हणतोय की डागाळलेल्या कडा कापू, एमडीएफवर (लाकडाच्या भुश्याच्या फळीवर) चिकटवू, वर लॅमिनेशन करू, नव्यासारखी दिसेल. आणि तुम्ही विचारताय की छापलेलंच चित्र आहे, मूळ थोडंच आहे, मग कापलं तर बिघडलं कुठे? शिवाय विकायची झाली तर काय येईल?

आधी फ्रेमवाल्याला फोन करून थांबवा. बाकी सगळं उद्या झालं तरी चालेल. कागदावर साचलेला डाग पुढेमागे कमी करता येतो, पण कापलेला समास परत येत नाही. एमडीएफवर गरम दाबाने चिकटवलेला कागद सोडवताना तर शाईच हातात यायची भीती असते. मी आधी स्क्रीन प्रिंटिंग केलं आणि आता बरीच वर्षं कागदावरच्या कामांची दुरुस्ती आणि फ्रेमिंग करतो. डागांमुळे वाया गेलेली प्रिंट क्वचित पाहिली आहे. "स्वच्छ" करण्याच्या नादात वाया गेलेल्या मात्र बऱ्याच पाहिल्या आहेत.

तुमच्या प्रश्नाचं मूळ किमतीत नाही, "छापलेलं म्हणजे नक्कल" या समजुतीत आहे. आपल्याकडे स्क्रीन प्रिंटिंग म्हटलं की लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, टी-शर्ट, दुकानाच्या काचेवरचे स्टिकर एवढंच डोळ्यांपुढे येतं, त्यामुळे ही समजूत स्वाभाविक आहे. पण नक्कल व्हायला आधी एक मूळ चित्र लागतं. चित्रकाराने कॅनव्हास रंगवला आणि त्याचा फोटो काढून कुणी पोस्टर छापलं, तर ती नक्कल. कलाकाराने छापण्यासाठीच आकार ठरवले, रंगांचे थर ठरवले, छापखान्यातल्या जाणकाराबरोबर बसून नमुने पास केले आणि ठराविक प्रती काढून प्रत्येकीवर स्वतः सही केली, तर त्या साठ प्रतींच्या मागे दुसरं "खरं" चित्र कुठेही टांगलेलं नसतं. त्या साठ प्रती हेच ते काम. मूर्तिकारांना ही गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. ब्राँझचा पुतळा साच्यातूनच निघतो, त्याच्याही क्रमांक घातलेल्या प्रती असतात, आणि त्यातल्या एकीलाही कुणी नक्कल म्हणत नाही.

हेपवर्थ यांच्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्यावरून तुमच्या कागदाकडे कसं पाहायचं ते कळेल. जन्म 1903 चा, यॉर्कशायरमधल्या वेकफील्डचा, म्हणजे तुमच्या आत्यांच्या लीड्सच्या शेजारचाच. लाकूड, दगड आणि नंतर ब्राँझमधली अमूर्त शिल्पं ही त्यांची ओळख. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयासमोर उभं असलेलं, मधे गोल आरपार छिद्र असलेलं 'सिंगल फॉर्म' हे उंच ब्राँझ त्यांचंच. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस दाग हॅमरशोल्ड यांच्या स्मरणार्थ ते 1964 मध्ये तिथे उभारलं गेलं. कागदाशीही त्यांचं नातं जुनं होतं. 1940 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी शस्त्रक्रियागृहात उभं राहून डॉक्टरांची रेखाटनं केली. रंगही त्यांच्या शिल्पात आधीपासून होता: 1946 च्या 'पेलागोस'मध्ये लाकडाची पोकळी आतून फिकट निळ्याने रंगवलेली आहे आणि तिच्यावर तारा ताणलेल्या आहेत.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्या छापील कामाकडे वळल्या. 1969 मध्ये कर्वेन स्टुडिओ या छापखान्यात तिथले छपाईतज्ज्ञ स्टॅन्ली जोन्स यांच्याबरोबर त्यांनी बारा लिथोग्राफ (दगडावर किंवा पत्र्यावर रेखाटून छापलेली चित्रं) केले. 1969-70 मध्ये 'अपोजिंग फॉर्म्स' हा बारा स्क्रीन प्रिंटचा संच झाला. तो लंडनच्या केल्प्रा स्टुडिओने छापला, मार्लबरो या गॅलरीने प्रकाशित केला आणि प्रत्येक चित्राच्या साठ प्रती निघाल्या. 'विंटर सोल्स्टिस', 'नोव्हेंबर ग्रीन', 'ऑर्किड', 'हाय टाइड', 'असेंब्ली ऑफ स्क्वेअर फॉर्म्स' ही त्यातलीच नावं. तुमच्या प्रतीवर छेदाखाली 60 आहे, म्हणून ती या संचातली असू शकते. फक्त आकड्यावरून मी ते नक्की म्हणणार नाही. साठ प्रती काढणारे कलाकार पुष्कळ होते.

केल्प्राचं नाव आलं की माझ्यासारख्या छपाईवाल्याचा जीव तिथे गुंततो. ख्रिस प्रेटर आणि त्यांची पत्नी रोझ यांनी 1957 मध्ये हा छापखाना काढला आणि सुरुवातीला पोस्टरं वगैरे व्यावसायिक कामं केली. मग कलाकार येऊ लागले. 1964 मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्ससाठी चोवीस कलाकारांचा संच त्यांनी छापला आणि ब्रिटनमध्ये स्क्रीन प्रिंटकडे पाहण्याची नजर बदलू लागली. प्रेटर यांचा हात स्टेन्सिलची (शाई जायची तेवढीच जागा मोकळी ठेवणाऱ्या साच्याची) फिल्म सुरीने कापण्यात इतका सफाईदार होता, की कलाकाराला हवी तीच कड कागदावर उतरायची. हे काम हाताने करून पाहिलेल्यालाच कळतं. एकेका रंगाला एकेक स्क्रीन, म्हणजे चौकटीवर ताणलेली जाळी, लागतो. आधीच्या रंगाच्या कडेला पुढचा रंग किंचितही सरकला की डोळ्याला खुपतो. पारदर्शक करडा खालच्या निळ्यावर चढला की कोणती छटा निघेल हे शाई वाळेपर्यंत नक्की कळत नाही. शिल्पकाराला हे माध्यम आवडावं यात मला नवल वाटत नाही. सपाट आकार, त्यांची धारदार कड, एकावर एक चढणारे थर आणि मधली मोकळी जागा. ती मोकळी जागा म्हणजे कोरा कागद, आणि तो समासापर्यंत पोचतो. समास कापला की आकार आणि रिकामी जागा यांचं कलाकाराने ठरवलेलं प्रमाण मोडतं. विकायचा विचार नसला तरी समास राखायला माझ्या मते एवढं कारण पुरेसं आहे.

आता ती खरी आहे का, हे घरी कितपत तपासता येतं ते सांगतो. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, दागिने बघणाऱ्यांकडे असतं तसं. रंगाचा सपाट भाग पाहा. ऑफसेटवर छापलेल्या पोस्टरमध्ये निळे, गुलाबी, पिवळे, काळे बारीक ठिपके फुलासारख्या रचनेत दिसतात. इंकजेट प्रिंटमध्ये फवारा मारल्यासारखे विस्कळीत कण दिसतात. हाताने कापलेल्या स्टेन्सिलच्या स्क्रीन प्रिंटमध्ये शाईचा अखंड थर दिसतो. खोलीतला दिवा बंद करून बाजूने टॉर्च धरलात, तर तो थर कागदावर बसलेला आणि दोन रंग एकमेकांवर चढले तिथे वरच्याची कड किंचित उठलेली दिसेल. बोटाने चाचपू नका. मॅट शाईवर बोटाचा तेलकट ठसा कायमचा राहतो.

इथे एक पुरवणी जोडतो, नाहीतर पुढे कुणी माझाच दाखला देऊन गोंधळ घालेल. ठिपके दिसले की स्क्रीन प्रिंट नाहीच, असा सरसकट नियम नाही. एदुआर्दो पाओलोझ्झी हे शिल्पकारच. त्यांनी केल्प्राबरोबर 1965 मध्ये 'अॅज इज व्हेन' हा संच केला, आणि कात्रणं, नक्षी, छायाचित्रं हाच त्याचा कच्चा माल होता. अशा कामात फोटोच्या स्टेन्सिलमुळे ठिपके येतात आणि ते योग्यच असतात. हेपवर्थ यांच्या सपाट रंगांच्या कामात मात्र ठिपके दिसले, तर मी सावध होईन.

सहीकडेही त्याच तिरक्या उजेडात पाहा. पेन्सिलचं ग्राफाइट किंचित चमकतं आणि कागदावर हलका दाब उमटलेला असतो. छापलेली सही उजेडात मेल्यासारखी सपाट दिसते. मग टेट या ब्रिटनमधल्या कलासंग्रहालयाच्या संकेतस्थळावर जाऊन तुमचं चित्र शोधा. 1975 मध्ये रोझ आणि ख्रिस प्रेटर यांनी केल्प्राच्या प्रिंट्सचा मोठा संग्रह टेटला दिला, त्यामुळे तुलनेला चांगलं साधन हाताशी आहे. मापं सेंटिमीटरमध्ये घ्या: पूर्ण कागदाचं वेगळं, रंगाच्या भागाचं वेगळं. चित्र कोणत्या बाजूने वर आहे तेही जुळवा. अमूर्त कामात उलटी टांगलेली प्रत मी पाहिली आहे. मागच्या बाजूला छापखान्याचा शिक्का, गॅलरीचं लेबल, पेन्सिलने लिहिलेला आकडा असं काही असेल तर फोटो काढा, खोडू नका. शिक्का नसला म्हणून प्रत खोटी ठरत नाही.

24 या आकड्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असतो. चोविसावी म्हणजे पहिल्या प्रतीपेक्षा कमी दर्जाची, असं नाही. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये सगळ्या कागदांवर आधी एक रंग मारतात, रॅकवर वाळवतात, मग सगळ्यांवर दुसरा. प्रत्येक रंगाला गठ्ठ्याचा क्रम बदलू शकतो आणि आकडा शेवटी सही करताना पडतो. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडून केलेल्या कामात पहिल्या प्रती जास्त ठसठशीत येतात, कारण ओरखड्याच्या कडेला उठलेली धातूची धार दाबाखाली झिजते. स्टेन्सिलला साठ प्रतींत तशी झीज होत नाही. लहान आकड्यासाठी कुणी जास्त पैसे मागत असेल, तर ती त्याची हौस समजा.

आता डाग. समासावरची तपकिरी रेघ ही जवळजवळ नक्कीच जुन्या माउंटची, म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती असणाऱ्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याची आहे. त्या काळचे माउंट साध्या लाकडी लगद्याच्या पुठ्ठ्याचे असायचे. त्यातलं आम्ल खिडकीच्या तिरप्या कडेतून कागदात उतरतं आणि चौकोनी रेघ उमटते. तिचा उपयोगही करून घ्या. माउंटखाली शाईचा काही भाग झाकलेला होता का ते पाहा. झाकलेल्या आणि उघड्या भागातल्या रंगात फरक असेल, तर चित्र उजेडाने किती फिकं पडलं ते तिथल्या तिथे कळतं. हा फरक डागांपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण डाग कमी करता येतात, उडालेला रंग परत आणता येत नाही.

बदामी ठिपके दोन कारणांनी येतात: दमट हवेतली बुरशी आणि कागदातले लोखंडाचे सूक्ष्म कण. अनेकदा दोन्ही एकत्र असतात. ते वाढतात ते दमटपणामुळे. लीड्सच्या घरात पन्नास वर्षं मंद गतीने चाललेली गोष्ट पुण्याच्या एका पावसाळ्यात वेग घेऊ शकते, मुंबई-कोकणात तर नक्कीच. ठिपक्यावर लवेसारखी वाढ दिसली तर ती जिवंत बुरशी. तो कागद इतर पुस्तकांपासून वेगळा ठेवा आणि कोरड्या, वारा खेळणाऱ्या खोलीत न्या. फुंकर घालू नका, पुसू नका. ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड, ओला बोळा, पावाचा मऊ भाग, खोडरबर यांतलं काहीही घरी करायचं नाही. साधा कोरा कागद पाण्यात धुतला जातो, आम्ही धुतोही. स्क्रीन प्रिंटमध्ये जाड शाईचा थर आणि कागद वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि आकसतात, त्यामुळे शाईला तडे जाऊ शकतात. दुरुस्ती करणारा आधी एका कोपऱ्यात चाचणी घेतो, आणि पुष्कळदा "आहे तसं राहू द्या" असंच सांगतो. मी स्वतः तुमच्या वर्णनावरून फक्त रेघ थोडी कमी होते का एवढं पाहिलं असतं, ठिपक्यांना हात लावला नसता. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलासंवर्धन केंद्र आहे. तिथे विचारणा करून बघा.

वळलेला कागद उलट्या दिशेने वळवून सरळ करू नका, शाईला चिरा पडतील. स्वच्छ टेबलावर, शाई वर ठेवून, तो आपोआप सैल होऊ द्या. मग वर-खाली आम्लरहित गुळगुळीत कागद आणि त्यावर मोठं सपाट काचेचं किंवा लाकडाचं ओझं. काही दिवस लागतील. वर्तमानपत्र किंवा रंगीत कागद जवळही नको. पावसाळा चालू असेल तर हे काम पुढे ढकला, कारण दमट हवेत शाई वरच्या कागदाला चिकटते.

फ्रेमवाल्याला काय सांगायचं? बरेच फ्रेमवाले चांगलं काम करू शकतात, त्यांना नेमकं सांगितलं की झालं. मागे आणि पुढे दोन्हीकडे आम्लरहित माउंट बोर्ड. प्रिंट चिकटवायची नाही. जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या वरच्या कडेला, मागच्या बाजूने, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावायच्या. ही खळ पाण्याने सुटते, म्हणून ती. सेलोटेप, फेविकॉल, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप नाही. माउंटची खिडकी एवढी मोठी कापायची, की सही आणि आकडा दिसेल आणि शाईची कड दाबली जाणार नाही. काच प्रिंटला टेकता कामा नये. माउंटची जाडी किंवा आतली पट्टी एवढं अंतर ठेवते. अतिनील किरण अडवणारी काच किंवा अॅक्रिलिक मिळालं तर घ्या, पण ते आहे म्हणून उन्हासमोर लावू नका. मागे हार्डबोर्ड लावायचाच असेल तर त्याच्या आणि माउंटच्या मधे आणखी एक आम्लरहित थर घाला. फ्रेमच्या मागे खाली दोन बुचाचे तुकडे लावा म्हणजे भिंतीपासून हवा खेळेल. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत, बाथरूमला लागून असलेली भिंत आणि स्वयंपाकघर टाळा. संग्रहालयं कागदावर साधारण 50 लक्सच्या आसपास उजेड ठेवतात, म्हणजे आपल्या दिवाणखान्यापेक्षा पुष्कळच कमी. घरी तेवढं जमणार नाही. आतल्या बाजूची भिंत निवडा आणि वर्षातले काही महिने प्रिंट उतरवून ठेवा. कपाटात ठेवताना कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकायची आपल्याकडे सवय आहे. त्यांचा वाफारा शाईला आणि प्लास्टिकला बाधतो, तेव्हा या कागदाजवळ नकोत.

म्हणजे क्रम असा: कापणं थांबवा, फोटो आणि मापं घ्या, सैल होऊ द्या, तपासणी करून घ्या, मग फ्रेम. फ्रेम सगळ्यात शेवटी.

किमतीचं मी आकड्यात सांगणार नाही, कारण प्रत न पाहता सांगितलेला आकडा तुमचंच नुकसान करेल. कशावर ठरतं ते सांगतो. एकाच संचातल्या बारा चित्रांना सारखा भाव येत नाही. काही शीर्षकांना जास्त मागणी असते. त्याच शीर्षकाचे लंडनच्या लिलावांमधले मागच्या काही वर्षांतले निकाल शोधा आणि प्रत्येक निकालाखालचं स्थितीचं वर्णन वाचा: पूर्ण समास आहे का, रंग फिका आहे का, चिकटवलेली आहे का. त्या शेवटच्या मुद्द्याने भाव किती खाली येतो ते तुम्हाला तिथेच दिसेल. लिलावात जाहीर होणारी रक्कम बऱ्याचदा खरेदीदाराचं कमिशन धरून असते. विकणाऱ्याच्या हातात त्यातून आपलं कमिशन, वाहतूक आणि विमा वजा होऊन येतं. ब्रिटनमध्ये विक्री झाली तर कलाकाराच्या वारसांचा पुनर्विक्री हक्कही (पुन्हा विकलेल्या कामाच्या किमतीतला वाटा) लागू होतो, कारण तो निधनानंतर 70 वर्षं टिकतो आणि हेपवर्थ 20 मे 1975 रोजी सेंट आइव्हजच्या त्यांच्या स्टुडिओतल्या आगीत गेल्या. मोठ्या लिलावगृहांचे प्रिंट विभाग फोटो पाहून प्राथमिक अंदाज विनामूल्य देतात. दोघांना विचारा. पहिलाच खरेदीदार "फ्रेमसकट एवढे घ्या" म्हणाला, तर घाई करू नका.

आणि आत्यांना विचारा, शक्य तितक्या लवकर. कुठून घेतली, साधारण कोणत्या साली, पावती किंवा गॅलरीचा कागद कुठल्या फाइलमध्ये आहे का, जुन्या फ्रेमच्या मागचं लेबल त्यांनी टाकून तर दिलं नाही. फ्रेम अजून लीड्सच्या घरात असेल तर मागचा पुठ्ठा फेकण्याआधी त्याचा फोटो मागवा. लिलावगृह हे प्रश्न विचारणारच, आणि त्यांची उत्तरं आज फक्त आत्यांकडेच आहेत. त्यांनी जे आठवेल ते तारखेसह एका कागदावर लिहून सही करून दिलं, तर तो कागद प्रिंटबरोबर वेगळ्या पाकिटात ठेवा, फ्रेमच्या आत नको.

इथे फोटो टाकणार असाल तर चार टाका: पूर्ण कागद समासासकट, सहीचा भाग तिरक्या उजेडात, मागची बाजू, आणि भिंगातून रंगाच्या कडेचा एक. त्यावरून ऑफसेट की स्क्रीन एवढं मी सांगू शकेन.